ना पाट, ना पंगत : बेंगळुरूच्या उपाहारगृहांची कहाणी

परगावी उतरलेल्या माणसाला दोन चिंता असतात. एक निवाऱ्याची आणि दुसरी पोटाची. निवाऱ्याची सोय पूर्वी धर्मशाळेत होई, देवळाच्या ओवरीत होई. पोटाची सोय मात्र तितकी सोपी नव्हती. कोणाच्या हातचे खावे, कोणाच्या पंगतीला बसावे आणि कोणाच्या दृष्टीआड जेवावे, याचे नियम आपल्या समाजात इतके काटेकोर होते की प्रवासाला निघणारा मनुष्य दशम्या आणि चटणी यांची शिदोरी बांधूनच उंबरठा ओलांडी. पैसे मोजून परक्याच्या हातचे अन्न परक्यांच्या शेजारी बसून खाण्याची जागा, म्हणजे जिला आपण मराठीत आणि कानडीतही बिनदिक्कत ‘हॉटेल’ म्हणतो ती, आपल्या शहरांत खऱ्या अर्थाने रुळली ती गेल्या शे-सव्वाशे वर्षांत. या अल्पावधीत तिने जे काम केले, ते मोठमोठ्या सभासंमेलनांनाही सहजासहजी साधले नसते.

हे काम कसकसे घडत गेले, ते पाहायचे असेल तर बेंगळुरूसारखे शहर नाही. उद्यानांचे शहर म्हणून त्याची जुनी ख्याती, संगणकाच्या उद्योगाचे शहर म्हणून नवी. पण तेथील रहिवाशाला विचारा, तो आधी आपल्या आवडत्या डोशाचे ठिकाण सांगेल आणि त्यावरून शेजाऱ्याशी वादही घालील. सकाळी भेटणाऱ्या दोन बेंगळुरूकरांचा पहिला प्रश्न ‘तिंडी आयता?’ म्हणजे ‘फराळ झाला का?’ असा असतो. दुपारी त्याच प्रश्नात ‘तिंडी’च्या जागी ‘ऊटा’ म्हणजे जेवण येते. ज्या गावात कुशलप्रश्नच अन्नाचा, तेथील उपाहारगृहांचा इतिहास हा त्या गावाचाच इतिहास असणार, हे उघड आहे.

पेठ आणि छावणी

केंपेगौडा यांनी १५३७ साली वसविलेल्या या गावाची जुनी पेठ एकीकडे आणि इंग्रजांनी १८०९ पासून उभारलेली लष्करी छावणी दुसरीकडे, अशी बेंगळुरूची दीर्घकाळ दोन शहरे होती. पेठेत कापड, धान्य, सराफी आणि देवळे. छावणीत कवायतीची मैदाने, चर्च, बेकऱ्या आणि मद्यालये. पेठेतला मनुष्य घरी जेवे. छावणीतला साहेब क्लबात जेवे. या दोहोंच्या मध्ये एक नवा वर्ग वाढू लागला. म्हैसूर संस्थानच्या कचेऱ्यांतले कारकून, महाविद्यालयांत शिकायला आलेली मुले, गिरण्यांतले कामगार आणि न्यायालयात खेपा घालणारे पक्षकार यांचे घर दूर आणि खिसा लहान होता. त्यांची भूक भागविण्यासाठी समुद्रकाठच्या उडपी भागातून आचारी आले. तेथे कृष्णमठाच्या परंपरेमुळे मोठ्या पंगतींचा स्वयंपाक करण्याची विद्या घराघरांत मुरलेली होती. मुंबई-पुण्याच्या वाचकांना ‘उडपी’ हा शब्द नवा नाही. हीच मंडळी त्याच सुमारास माटुंग्यालाही येऊन पोहोचली होती.

दुसरीकडे हासन जिल्ह्यातून आलेल्या अय्यंगार कुटुंबांनी एक वेगळीच किमया केली. पाव हा साहेबाचा पदार्थ. सोवळ्याओवळ्याच्या घरात त्याला प्रवेश नव्हता. या मंडळींनी अंडे न घालता पाव, बिस्किटे आणि केक भाजले, त्यांत हिरवी मिरची आणि कोथिंबीर घालून ‘खारा बन’ निर्माण केला आणि साहेबाची भट्टी पेठेत आणून बसविली. आज महाराष्ट्राच्या लहानसहान गावांतही ‘अय्यंगार बेकरी’ अशी पाटी दिसते, तिचे मूळ या घटनेत आहे.

पाटीवरचा शब्द

त्या काळच्या हॉटेलांच्या पाट्या आज वाचल्या म्हणजे मौज वाटते आणि थोडी खंतही वाटते. काही पाट्यांवर ‘ब्राह्मण’ हा शब्द असे. काहींवर ‘हिंदू मिलिटरी हॉटेल’ अशी अक्षरे असत. पहिल्याचा अर्थ, आचारी ब्राह्मण आहे आणि अन्न शाकाहारी आहे. दुसऱ्याचा अर्थ, येथे मांस मिळेल पण मालक हिंदू आहे. गिऱ्हाइकाने आत पाऊल टाकण्यापूर्वीच आपण कोणाच्या हातचे खाणार याची खात्री करून घ्यावी, हा त्या पाटीचा हेतू. एवढ्यावरच हे थांबत नसे. दक्षिणेतील कित्येक उडपी हॉटेलांत ब्राह्मणांना बसण्यासाठी स्वतंत्र दालन असे आणि इतरांना निराळे. अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांना तर बहुधा आत प्रवेशच नसे.

मराठी वाचकांना या ठिकाणी कोल्हापूरची एक गोष्ट आठवल्यावाचून राहणार नाही. राजर्षी शाहू महाराजांनी गंगाराम कांबळे या अस्पृश्य समाजातील गृहस्थांना कोल्हापुरात चहाचे हॉटेल काढून दिले, स्वतः तेथे गाडी थांबवून चहा घेतला आणि सोबतच्या मंडळींनाही घ्यायला लावला. एका पेल्यातून काय साधते, हे त्या राजाने बरोबर ओळखले होते. पुढे १९५० साली राज्यघटना अमलात आली, तेव्हा तिच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने, विहिरी, तळी आणि रस्ते यांच्या बरोबरीने सार्वजनिक उपाहारगृहांचाही स्पष्ट उल्लेख झाला. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कोणाही नागरिकाला तेथे जाण्यास मज्जाव करता येणार नाही, असे घटनेने सांगितले. देशाच्या मूलभूत कायद्यात उपाहारगृहाचे नाव यावे, यावरूनच त्या दाराचे महत्त्व ध्यानात येते. १९५५ साली अस्पृश्यतेविरुद्धच्या कायद्याने अशी आडकाठी हा दंडनीय गुन्हा ठरविला. तरीही पाटीवरचा शब्द लगेच गेला नाही. १९५७ साली मद्रासेत पेरियार रामस्वामी यांच्या अनुयायांनी एका हॉटेलाच्या नावातील ‘ब्राह्मण’ या शब्दाविरुद्ध मोठे आंदोलन चालविले होते.

ही पार्श्वभूमी लक्षात घेतल्याशिवाय बेंगळुरूतील आवडती ठिकाणे ही केवळ चवीची ठिकाणे वाटतील. वस्तुतः त्यांतले प्रत्येक ठिकाण या लांबच्या प्रवासातला एकेक मुक्काम आहे.

मावळ्ळीची खोली

उडपीजवळच्या पारंपळ्ळी गावातून आलेल्या मैया बंधूंनी १९२४ साली ‘ब्राह्मण कॉफी क्लब’ सुरू केला. इडली आणि कॉफी एवढाच त्याचा आरंभीचा पसारा होता. बंधूंपैकी यज्ञनारायण मैया हे मोठे चौकस गृहस्थ होते. १९५१ साली ते युरोपात गेले आणि तेथील उपाहारगृहांची स्वच्छता पाहून परतले. भांडी उकळत्या पाण्याने धुण्याची पद्धत त्यांनी आपल्याकडे रुजविली आणि स्वयंपाकघर गिऱ्हाइकांच्या दृष्टीस पडेल असे मोकळे ठेवले. १९६० साली लालबागेच्या रस्त्यावर नवी जागा झाली, तेव्हा नाव पडले ‘मावळ्ळी टिफिन रूम्स’. सर्वतोमुखी ते ‘एम.टी.आर.’ झाले.

या नामांतराला कोणी फारसे महत्त्व देत नाही. पण जुन्या नावात जात होती आणि नव्यात वस्तीचे नाव आले, हा बदल लहान नव्हे. अन्नाच्या शुद्धतेची हमी पूर्वी आचाऱ्याच्या जन्मावरून मिळे. आता ती घासलेल्या भांड्यावरून आणि उघड्या स्वयंपाकघरावरून मिळू लागली. सोवळ्याची जागा स्वच्छतेने घेतली. जन्मावरची हमी पारखून पाहण्याची सोय नसते; भांडे मात्र ज्याचे त्याला पाहता येते.

रवा इडलीचा जन्म याच घरात झाला असे सांगतात. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेश जपान्यांच्या ताब्यात गेला, तेथून येणारा तांदूळ बंद झाला आणि इडलीवाल्यांपुढे मोठाच पेच उभा राहिला. तेव्हा तांदळाऐवजी रवा घेऊन, दह्यात कालवून, वर मोहरी, कढीलिंब आणि काजू यांची फोडणी देऊन इडली उकडून पाहिली. टंचाईतून जन्मलेला हा पदार्थ पुढे सुबत्तेच्या काळातही टिकला. तसाच दुसरा पेच आणीबाणीच्या काळात आला. १९७५-७६ मध्ये सरकारी हुकमाने खाद्यपदार्थांचे दर इतके उतरविण्यात आले की चालकांना आपल्या पद्धतीचा माल त्या दरात देणे अशक्य झाले. प्रत कमी करण्यापेक्षा त्यांनी उपाहारगृह काही काळ बंद ठेवले आणि नोकरांच्या हातांना काम राहावे म्हणून तयार पिठे व मसाले विकण्यास आरंभ केला. त्यातून वाढलेला पाकिटबंद खाद्यांचा उद्योग २००७ साली नॉर्वेतील एका कंपनीने विकत घेतला. उपाहारगृह मात्र मैया घराण्याकडेच राहिले आहे. आजही तेथे चांदीच्या पेल्यात कॉफी मागणारे, बिसी बेळे भातावर तूप ओतून घेणारे आणि जागेसाठी बाहेरच्या खोलीत निमूट वाट पाहणारे लोक दिसतात.

विद्यार्थ्यांचा डोसा

दक्षिण बेंगळुरूतील बसवनगुडी ही जुनी शाळा-महाविद्यालयांची वस्ती. तेथील गांधी बाजारात १९४३ साली ‘विद्यार्थी भवन’ निघाले. नावातच गिऱ्हाईक सांगितले आहे. आसपासच्या विद्यार्थ्यांना स्वस्तात फराळ मिळावा हा त्याचा उद्देश होता, आणि त्या विद्यार्थ्यांत पुढे कानडी साहित्यात, न्यायालयांत आणि मंत्रालयात नाव कमावलेले अनेक जण होते. भिंतींवर कन्नड साहित्यिकांची चित्रे आहेत. दालन लहान, बाके जवळजवळ, एका मेजावर चार अनोळखी माणसे. धोतर नेसलेला वाढपी एका हातावर ताटल्यांची उतरंड रचून येतो आणि ती न सांडता, न डगमगता, प्रत्येकापुढे एकेक डोसा ठेवीत जातो. डोसा बाहेरून तांबूस खरपूस, आतून मऊ, लोण्या-तुपाने निथळणारा. सोबत पातळ चटणी. रविवारी सकाळी तेथे जागा मिळणे म्हणजे यात्रेत दर्शन मिळण्यासारखे आहे.

उत्तरेकडील मल्लेश्वरमची निष्ठा निराळी. तेथील ‘सेंट्रल टिफिन रूम’, म्हणजे लोकांच्या तोंडी ‘सी.टी.आर.’, आता अधिकृतपणे ‘श्री सागर’ असले तरी जुने नाव कोणी सोडलेले नाही. येथील ‘बेण्णे’ म्हणजे लोण्याचा डोसा श्रेष्ठ की विद्यार्थी भवनाचा, हा वाद बेंगळुरूत पिढ्यान् पिढ्या चालला आहे आणि तो मिटावा अशी कोणाची इच्छाही नाही. शंकरपुरमच्या ‘ब्राह्मिन्स कॉफी बार’ची तऱ्हा आणखी वेगळी. १९६५ साली निघालेल्या या छोट्या दुकानात पदार्थ बोटांवर मोजण्याइतके आहेत. इडली-वड्याबरोबर सांबार मागू नये, मिळत नाही. चटणी मात्र मागाल तितकी वाढतात. नावात जुना शब्द राहिला आहे, पण दारात उभ्या असलेल्या गर्दीत कोण कोणाचा, हे विचारण्याची कोणाला गरजही वाटत नाही आणि सवडही नाही. खारा बात आणि केसरी बात, म्हणजे आपला तिखटामिठाचा सांजा आणि केशरी शिरा, एकाच ताटलीत शेजारी शेजारी घेतले की त्याला शहरभर ‘चौचौ बात’ म्हणतात. नाव ऐकून नवख्याने बिचकू नये.

मुद्दे आणि द्रोण

केवळ डोसा-इडलीवर बेंगळुरूचे वर्णन संपविणे हा मोठा अन्याय होईल. ज्या ‘मिलिटरी हॉटेलां’चा उल्लेख वर आला, त्यांचा मराठी माणसांशी जवळचा संबंध आहे. १६३८ मध्ये बेंगळुरू विजापूरकरांच्या हाती आले आणि शहाजीराजांना जहागीर म्हणून मिळाले. तेव्हापासून मराठा कुटुंबे या भागात स्थायिक होत गेली. त्यांच्या वंशजांतील अनेकांनी पुढे मांसाहारी खाणावळी काढल्या. ‘मिलिटरी’ हे नाव मराठा शिपाईगिरीवरून पडले असे काही जण मानतात, तर छावणीतल्या सैनिकांवरून पडले असे काही. कॉटनपेठेतील एस. जी. राव यांचे हॉटेल १९०८ पासूनचे मानले जाते. जयनगरच्या ‘शिवाजी मिलिटरी हॉटेल’पुढे दुपारी रांग लागलेली असते.

येथील मुख्य अन्न म्हणजे नाचणीच्या पिठाचा उकडलेला गोळा, ‘रागी मुद्दे’. तो चावायचा नसतो; घास मोडून, मटणाच्या रश्श्यात बुडवून, अलगद गिळायचा असतो. शेतकऱ्याचे आणि मजुराचे हे अन्न, दुपारपर्यंत पोटाला आधार देणारे. भात हवा असल्यास ‘दोन्ने बिर्याणी’ आहे. ‘दोन्ने’ म्हणजे आपला द्रोणच. पुदिना-कोथिंबिरीने हिरवट झालेला, जाड्या पण सुवासिक तांदळाचा हा भात पानाच्या द्रोणात येतो.

बेंगळुरूत आणखी एक ओळखीचा शब्द मराठी पाहुण्याचे स्वागत करतो. उत्तर कर्नाटकातून कामासाठी आलेल्या लोकांची जेवणघरे येथे ‘खानावळी’ या नावानेच ओळखली जातात. ज्वारीची कडक भाकरी, भरली वांगी, झुणका, शेंगदाण्याची चटणी आणि वर दही असे ताट समोर आले की सोलापूर-सांगलीकडच्या माणसाला आपण परराज्यात आहोत याचा विसर पडतो. तिखट आंध्र जेवण केळीच्या पानावर वाढणारी हॉटेले रेसिडेन्सी रोडवर आहेत. शिवाजीनगर व फ्रेझर टाऊन या भागांत रमजानच्या संध्याकाळी कबाब आणि हलीम यांसाठी सर्व धर्मांचे लोक लोटतात. जी माणसे शहरात आली, त्यांच्यामागोमाग त्यांची चूल आली. चूल कालांतराने सर्वांची झाली.

कामगारांनी चालविलेली कॉफी

कॉफी हा कर्नाटकाचा मानाचा व्यवसाय. देशातील सुमारे सत्तर टक्के कॉफी या एका राज्यात, मुख्यतः कोडगू आणि चिक्कमगळूरू या डोंगराळ जिल्ह्यांत पिकते. तिचा खप वाढविण्यासाठी कॉफी बोर्डाने शहरोशहरी ‘इंडिया कॉफी हाउस’ चालविली होती. १९५७ च्या सुमारास बोर्डाने ती बंद करण्याचे ठरविले आणि शेकडो कामगारांवर बेकारीची पाळी आली. तेव्हा कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या प्रेरणेने कामगारांनी सहकारी संस्था काढल्या आणि ही घरे स्वतः चालविण्यास घेतली. पहिली संस्था याच बेंगळुरूत, ऑगस्ट १९५७ मध्ये स्थापन झाली. जबलपूर, कोलकाता किंवा त्रिशूर येथे राहणाऱ्या वाचकांनी डोक्याला तुर्रेदार फेटा बांधलेले कॉफी हाउसचे वाढपी पाहिले असतील. त्यांच्यातला प्रत्येक जण त्या व्यवसायाचा भागीदार असतो, हे मात्र सर्वांना ठाऊक नसते.

महात्मा गांधी रस्त्यावरचे कॉफी हाउस एप्रिल २००९ मध्ये जागा सोडून जवळच्या चर्च स्ट्रीटवर गेले. सेंट मार्क्स रोडवरचे ‘कोशीज’ मात्र जागच्या जागी आहे. १९४० साली बेकरी म्हणून सुरू झालेल्या या ठिकाणी पत्रकार, चित्रकार, वकील आणि नाट्यवेडे यांनी एका कॉफीवर दुपारच्या दुपारी घालविल्या. खिसा हलका असला तर ‘बाय टू’ म्हणावे. एका पेल्याचे दोन करून आणण्याची ही रीत शहरात सर्वत्र मान्य आहे आणि ती मागताना कोणाला संकोच वाटत नाही.

उभ्याने खाणारे शहर

येथवर जी ठिकाणे पाहिली, त्यांत बसायला जागा होती. पण बेंगळुरूने देशाला दिलेली खरी नवी कल्पना बाक काढून टाकण्याची आहे. १९८३ साली आर. प्रभाकर यांनी जयनगरात ‘कॅफे दर्शिनी’ सुरू केले. योगायोग असा की त्याच वर्षी पुण्यात दोन वर्षांपूर्वी जन्मलेली ‘इन्फोसिस’ कंपनी बेंगळुरूला आली. एकीने शहराचे काम बदलले, दुसऱ्याने शहराचा फराळ.

दर्शिनीची रचना अगदी सोपी आहे. आत शिरताच गल्ला. आधी पैसे देऊन चिठ्ठी घ्यावी. ती चिठ्ठी पुढच्या ओट्यावर द्यावी. स्वयंपाकघर समोर उघडे असते. दोन-तीन मिनिटांत ताटली हाती येते. मग छातीइतक्या उंचीच्या गोल मेजापाशी उभ्याने खावे, ताटली ठरल्या जागी ठेवावी आणि वाट धरावी. वाढपी नाही, बक्षिसी नाही, बसणे नाही. यामागचे गणित समजण्यासारखे आहे. समजा, चौघांचे मेज आहे आणि प्रत्येक चौकडी अर्धा तास बसते. तासाला आठ माणसे खाऊन गेली. तेवढ्याच जागेत सहा जण उभे राहिले आणि दहा मिनिटांत निघाले, तर तासाला छत्तीस झाली. जागेचे भाडे आठ माणसांऐवजी छत्तिसांवर विभागले गेले. ताजी इडली स्वस्तात देणे जमते ते यामुळे. सतत खप असल्याने पदार्थ शिळा होण्यास वेळच मिळत नाही, हा आणखी एक लाभ.

पैशांच्या हिशेबातून एक सामाजिक लाभही पदरात पडला. जेथे बसायला जागाच नाही, तेथे कोणाला कोठे बसवावे हा प्रश्नच उरत नाही. पूर्वीच्या हॉटेलांत स्त्रियांसाठी पडदा लावलेली ‘फॅमिली रूम’ असे. एकटी स्त्री हॉटेलात शिरली तर माना वळत. दर्शिनीत कचेरीला निघालेली तरुणी खांद्याला पिशवी अडकवून निर्धास्तपणे फराळ उरकते. शेजारी रिक्षावाला असतो, त्याच्या शेजारी बँकेतले साहेब, त्यांच्या शेजारी शाळेचा गणवेश घातलेला मुलगा. चौघांच्या ताटल्या सारख्याच आणि पाण्याचे पेलेही तेच. शाहू महाराजांना ज्यासाठी गाडी थांबवावी लागली, ते येथे रोज सकाळी सहा वाजल्यापासून कोणाच्याही लक्षात न येता घडत असते.

या व्यवस्थेत उणे नाही असे नव्हे. गुडघे धरलेल्या वृद्धांनी, कडेवर मूल असलेल्या मातेने, अपंग व्यक्तीने उभ्याने कसे खावे? अलीकडे पुष्कळ दर्शिन्यांनी कोपऱ्यात चार-सहा खुर्च्या मांडल्या आहेत, हे योग्यच झाले. गप्पांचीही येथे सोय नाही. कविता सुचायला बाक लागतो. आणि ज्यांना दर्शिनीचा दरही जड वाटतो, त्यांच्यासाठी कर्नाटक सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये ‘इंदिरा कँटीन’ सुरू केली. आरंभी तेथे न्याहारी पाच रुपयांना आणि जेवण दहा रुपयांना मिळे. तमिळनाडूतील ‘अम्मा उणवगम’ हे तिच्यापुढचे उदाहरण होते. महाराष्ट्रात जानेवारी २०२० मध्ये दहा रुपयांची ‘शिवभोजन’ थाळी निघाली, तीही त्याच वाटेवरची.

दारे पुन्हा वेगळी होत आहेत काय?

आजचे बेंगळुरू खाण्याच्या बाबतीत जगाशी स्पर्धा करते. १९९६ साली ब्रिगेड रोडवर ‘कॅफे कॉफी डे’चे पहिले दालन उघडले आणि कॉफीबरोबर संगणकही मिळू लागला. आता इंदिरानगर-कोरमंगलात जपानी, इटालियन, कोरियन, काय हवे ते मिळते. पोळी-भाजीपुरते स्वयंपाकघर जाणणाऱ्या तरुण जोडप्यांना हे सर्व सोयीचे आहे, आणि नव्या चवींना नाक मुरडण्याचे काही कारणही नाही. परंतु दोन गोष्टी विचार करायला लावतात.

पहिली गोष्ट जागेची. जमिनीचे मोल असे चढले आहे की इडली विकून त्याची परतफेड होत नाही. मल्लेश्वरमच्या संपिगे रस्त्यावरचे १९५४ सालचे ‘न्यू कृष्ण भवन’ डिसेंबर २०२३ मध्ये बंद झाले, तेव्हा शेवटच्या दिवसांत लोक मुलाबाळांना घेऊन तेथे निरोपाचा फराळ करून आले. मालकाची पुढची पिढी दुसऱ्या व्यवसायात गेलेली, उडपीकडून येणारी मुले शिकूनसवरून कचेऱ्यांत शिरलेली. आज ओट्यामागे पुष्कळदा ओडिशा किंवा ईशान्येकडील राज्यांतून आलेला तरुण डोसा उलटताना दिसतो. तोही या शहराला नवीन, त्याच्या गावाची चूल अजून मागून यायची आहे.

दुसरी गोष्ट घरपोच अन्नाची. २०१४ साली याच शहरात ‘स्विगी’ कंपनी निघाली आणि उपाहारगृह घराच्या दारी आले. आजारी माणसाला, उशिरापर्यंत काम करणाऱ्याला ही सोय मोलाची आहे. पण घरपोच आलेले अन्न मनुष्य पुन्हा आपल्याच चार भिंतींत, आपल्याच माणसांत खातो. महाग उपाहारगृहाच्या दारावर जातीची पाटी नसते. तेथे दराचा कागदच पाटीचे काम करतो. काही मोठ्या गृहसंकुलांत अन्न आणून देणाऱ्या मुलाने कोणत्या उद्वाहकातून वर जावे याचे नियम असतात, अशी वृत्ते अधूनमधून येतात. दुसऱ्याचे जेवण पाठीवर वाहणारा तो मुलगा स्वतः कोठे जेवतो? पुष्कळदा दर्शिनीतच, पिशवी पायाशी ठेवून, उभ्याने.

१ मार्च २०२४ रोजी ‘रामेश्वरम् कॅफे’च्या ब्रुकफील्ड येथील शाखेत भर दुपारी स्फोट झाला आणि अनेक जण जखमी झाले. २०२१ साली सुरू झालेले हे उपाहारगृह दर्शिनीच्याच पठडीतले, कोणालाही मुक्त प्रवेश असणारे. जेथे कोणी कोणाचे नाव विचारीत नाही, तेथेच घात करणे सोपे जाते, हे खरे. पण आठवडा उलटताच ९ मार्चला ते पुन्हा उघडले आणि सकाळपासून लोक रांगेत येऊन उभे राहिले. तपासणी वाढली, पण दार बंद झाले नाही.

जाणाऱ्यांसाठी दोन शब्द

बेंगळुरूस जाण्याचा योग आला तर सकाळ मोकळी ठेवावी. मेट्रोच्या हिरव्या मार्गावर ‘लालबाग’ स्थानकाला उतरले की उद्यानात फेरी होते आणि मावळ्ळीही जवळ पडते. ‘नॅशनल कॉलेज’ स्थानकावरून गांधी बाजार चालत जाण्याजोगा आहे. एम.टी.आर.ला सोमवारी आणि विद्यार्थी भवनाला शुक्रवारी सुट्टी असते, हे ध्यानात ठेवावे. दुपारी एखाद्या मिलिटरी हॉटेलात मुद्दे गिळण्याचा प्रयत्न करून पाहावा. शाकाहारी असल्यास खानावळी गाठावी. मुलांना बरोबर न्यावे. आपल्या आजोबांच्या काळी या टेबलांवर कोणाला बसता येत होते आणि कोणाला नाही, हे त्यांना तेथेच सांगावे. पुस्तकातल्या धड्यापेक्षा ते अधिक लक्षात राहील.

आणि एक दिवस कोणत्याही, नाव नसलेल्या दर्शिनीत जावे. चिठ्ठी घ्यावी, ताटली उचलावी, मेजाची एक कड पकडावी. पलीकडच्या बाजूला कोणी अनोळखी माणूस येऊन उभा राहील आणि चटणीची वाटी किंचित सरकवून आपल्याला जागा करून देईल. बेंगळुरूत याला शिष्टाचार म्हणत नाहीत. तेथे ही रोजची सवय आहे. ती टिकवायची तर अशी स्वच्छ, स्वस्त आणि सर्वांना खुली दुकाने गल्लोगल्ली चालू राहिली पाहिजेत, आणि तेवढी जागा प्रत्येक शहराने आपल्या नकाशावर राखून ठेवली पाहिजे.